पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी घरात साफसफाई निघते आणि आजोबांच्या कपाटाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. शिसवी लाकूड, दारावर कोरलेली वेल, आरशाच्या कडेला पडलेले काळे ठिपके, खालच्या खणाची केव्हाच गेलेली मूठ. पॉलिशवाला येतो, कपाटाभोवती एक फेरी मारतो, नखाने जरा खरवडून पाहतो आणि आकडा सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सँडपेपर सुरू होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाटात तोंड दिसू लागतं. घरचे खूश, पॉलिशवालाही खूश. कपाटाच्या पायाशी पडलेला तपकिरी भुसा झाडून कचऱ्यात जातो. त्या भुशात शंभर वर्षांपूर्वीचं लाखेचं पॉलिश असतं, सुताराच्या रंध्याचे पुसट माग असतात, खणाच्या कडेला तीन पिढ्यांच्या बोटांनी आणलेली गुळगुळीत झीज असते. कपाटाच्या पाठीतला किडा मात्र जागच्या जागी असतो. पाठ कोणी पाहिलेलीच नसते.

जुन्या फर्निचरच्या जतनाचा विषय आपल्याकडे निघतो तो थेट उपायापासून. कोणतं पॉलिश टिकतं, कोणता गोंद धरतो, वाळवीवर कोणतं औषध चालतं. पुढल्या पानांचा विषय त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. पटाशी किंवा स्पिरिटचा बोळा हातात घेण्याआधी वस्तूची पाहणी कशी करायची, काय मोजायचं, काय लिहून ठेवायचं आणि दिसलेल्या खुणांचा अर्थ कसा लावायचा, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे. संग्रहालयांच्या प्रयोगशाळांमध्ये हा कामाचा स्वतंत्र टप्पा मानला जातो. शेन रिव्हर्स आणि निक उमनी यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला फर्निचर जतनावरचा जाडजूड ग्रंथ या क्षेत्रात पाठ्यपुस्तकासारखा वापरतात. त्यातही दुरुस्तीकडे वळण्याआधी बरीच पानं लाकूड, धातू, कापड, लेप यांची ओळख आणि त्यांच्या ऱ्हासाची कारणं यांनाच दिलेली आहेत.

पाहणी करणाऱ्याला प्रत्येक डागापाशी, प्रत्येक भेगेपाशी एकच प्रश्न विचारावा लागतो: हे होऊन गेलेलं आहे की अजून चालू आहे? जुना व्रण आणि वाहती जखम लांबून सारखीच दिसू शकते. फर्निचरचं सगळ्यात जास्त नुकसान या दोहोंतली गल्लत करते. कधीच थांबलेल्या झिजेवर सँडपेपर चालतो आणि चालू असलेल्या किडीवर नुसतं पॉलिश चढतं.

सुरुवात हवेपासून करावी लागते. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी लाकडाचा हवेशी व्यवहार थांबत नाही. हवा दमट झाली की ते पाणी घेतं आणि फुगतं, कोरडी झाली की पाणी सोडतं आणि आक्रसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ८० टक्के झाली की हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या घरात जातं. फुगणं-आक्रसणं सगळीकडे सारखं नसतं. रेषांच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ शून्य असतं. रुंदीच्या दिशेने ते होतं, आणि तिथेही वर्षकड्यांच्या वळणाला धरून जेवढं होतं त्याच्या साधारण निम्मंच खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे होतं. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीही पसरट कापलेल्या ६० सेंटिमीटर रुंद सागाच्या फळीत पाण्याचं प्रमाण खरोखरच ६ वरून १६ टक्क्यांवर गेलं, तर हिशेबाने ती सुमारे ११ मिलिमीटर रुंद होते. जाड लाकडाला एवढं पाणी प्यायला वेळ लागतो आणि पॉलिशमुळे तो वेळ आणखी लांबतो, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो. पण तो पडतो.

जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून दाराच्या चौकटीतली फळी ते खाचेत नुसती बसवत. तिला चिकटवत नसत, खिळेही मारत नसत. चौकट जागेवर राही आणि फळी आतल्या आत हलायला मोकळी असे. पुढे कधीतरी फळी ‘खडखडते’ म्हणून कोणीतरी तिला चारी बाजूंनी खिळे ठोकतं. पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात ती मधोमध चिरते. मग चिरेत लांबी भरली जाते. पावसाळ्यात फळी फुगते, लांबी दबत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी चीर उघडते. नुसती चीर पाहणाऱ्याला वाटतं, लाकूड खराब आहे. पाठीमागचे खिळे पाहणाऱ्याला कळतं की लाकूड धडधाकट आहे आणि दोष दुरुस्तीचा आहे.

महाराष्ट्रात हा हवेचा खेळ फार टोकाचा चालतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि ऑगस्टमध्ये तीच भिंतींना ओल आणते. कोकणातल्या घरात पिढ्यानपिढ्या राहिलेला शिसवी पलंग वाटणीत पुण्याच्या फ्लॅटमध्ये येतो, वर एसी चालतो, आणि वर्षाच्या आत त्याच्या उशाची कोरीव पट्टी सांध्यातून सुटते. पलंगाने इतकी वर्षं जे सोसलं त्यापेक्षा हा एक प्रवास जड जातो. म्हणून पाहणीच्या कागदावर वस्तूबरोबर तिच्या जागेचीही नोंद लागते. खिडकी कुठल्या दिशेला, ऊन किती वाजता येतं, मागची भिंत बाहेरची आहे की आतली, पावसाळ्यात तिला ओल येते का, कपाट आणि भिंत यांच्यात हात जातो का. आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं, आणि ती आधी येते कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला.

किडीच्या बाबतीत खाली पडलेली भुकटी बरंच सांगते. मैद्यासारखी मऊ, बोटांत घसरणारी भुकटी आणि एक ते दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर काम बहुधा भुकटी पाडणाऱ्या भुंगेऱ्याचं असतं. त्याला हवा असतो खोडाच्या बाहेरच्या फिकट लाकडातला स्टार्च, त्यामुळे सागाच्या गाभ्याला तो सहसा तोंड लावत नाही. खसखशीसारखे टणक दाणे पडले असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. भिंगाखाली या दाण्यांना सहा चपट्या बाजू दिसतात. मातीच्या नळ्या भिंतीवरून चढत आल्या असतील तर वाळवी जमिनीतली आहे, आणि तेव्हा कपाटाआधी भिंतीवर इलाज करावा लागतो.

भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. भुंगेरा लाकडात वाढतो आणि भोक पाडून बाहेर पडतो, म्हणजे भोक ही निघून गेलेल्याची खूण आहे. ताज्या भोकाची कड धारदार आणि आतला रंग फिका असतो. जुन्या भोकात धूळ, मेण, पॉलिश बसलेलं असतं. खात्री करायची साधी रीत अशी: वस्तू मऊ ब्रशने झाडायची, खाली काळा कागद पसरायचा, त्यावर तारीख लिहायची आणि पंधरा दिवसांनी पाहायचं. वस्तू हलवली तर जुनी भुकटीही गळते, म्हणून एकदा पाहून भागत नाही. कीड जिवंत ठरली तर लहान वस्तूसाठी संग्रहालयं ती हवाबंद पिशवीत ठेवतात, आतला ऑक्सिजन अगदी नाममात्र उरेल इतका उतरवतात आणि काही आठवडे तसंच राहू देतात. त्यात पॉलिशला धक्का लागत नाही.

याच ठिकाणी पाहणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यायची असते. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत घरोघरी डीडीटी आणि गॅमेक्सिनची पावडर लाकडावर सढळ हाताने मारली जाई. खणाच्या तळाशी किंवा पाठीच्या फळीवर दिसणारा पांढरा स्फटिकासारखा थर बुरशीचा असेल, मेणाचा असेल, किंवा त्या औषधाचाही. कशाचा ते कळेपर्यंत हातमोजे आणि मास्क घालावेत, आणि तो थर कोरड्या फडक्याने झटकू नये.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो वरच्या लेपाबाबत. एकोणिसाव्या शतकातलं बरंचसं फर्निचर लाखेच्या पॉलिशचं आहे. नाव फ्रेंच पॉलिश, पण त्यातली लाख भारतातल्या पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. १९२० च्या दशकापासून पसरलेलं नायट्रोसेल्युलोज लॅकर थिनरमध्ये विरघळतं. हल्लीचं पॉलियुरेथेन दोहोंना दाद देत नाही. म्हणून दिसणार नाही अशा कोपऱ्यात कापसाच्या काडीने एखाद्या थेंबाची चाचणी घेतात. त्याआधी अंधारात अतिनील दिवा धरला तर पुष्कळ गोष्टी हात न लावताच कळतात. लाख नारिंगी झाक देते, झाडांच्या राळेची व्हार्निशं हिरवट दिसतात, आणि नंतर केलेली रंगाची डागडुजी बहुधा काळ्या ठिगळासारखी उठून येते. गरम कपाने उमटलेलं पांढरं वर्तुळ पुष्कळदा लाखेच्या वरच्या थरातच असतं, लाकडापर्यंत पोहोचलेलं नसतं. तेवढ्यासाठी अख्खं टेबल खरवडणं म्हणजे अंगावरच्या डागासाठी कातडी सोलण्यासारखं आहे.

सावंतवाडीच्या रंगीत लाखकामाशी तर स्पिरिटच्या बोळ्याने गाठच घालू नये. तिथे लाख हीच सजावट आहे. इतर ठिकाणी मळकट पॉलिश उतरवणारं द्रावण इथे रंगच उचलून नेतं. चौरंगावर बसलेला थर मळाचा आहे, व्हार्निशचा आहे की खुद्द कारागिराने दिलेला आहे, हे ठरल्याशिवाय ओलं फडकंही फिरवायचं नाही.

असाच प्रश्न लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला पडला होता, आणि त्यांनी त्याला चार वर्षं दिली. त्यांच्याकडे ‘माझारिन पेटी’ या नावाने ओळखली जाणारी जपानी पेटी आहे. १६४० च्या सुमारास क्योटोत बनलेली, उरुशी झाडाच्या चिकाचे थर आणि त्यांवर सोन्याचांदीचं काम असलेली ही पेटी संग्रहालयाने १८८२ साली घेतली. २००४ ते २००८ या काळात तिच्या जतनाचा प्रकल्प चालला. खालचं लाकूड आक्रसल्याने लाखेला भेगा गेल्या होत्या. शतकानुशतकं पडलेल्या प्रकाशाने वरचा थर बारीक तड्यांनी भरला होता, आणि असा थर पाण्यालाही हळवा होतो. भरीस भर म्हणून पेटी युरोपात आल्यावर तिच्यावर तिकडची व्हार्निशं चढली होती. म्हणजे साध्या ओल्या बोळ्यानेही इजा होईल अशा पृष्ठभागावरून दुसऱ्यांनी चढवलेला थर उतरवायचा होता. जपानी परंपरेत थकलेल्या थरात पातळ केलेली उरुशी मुरवतात. ती पुन्हा निघत नाही. पाश्चात्त्य जतनाचा आग्रह असा की आज लावलेलं उद्या काढता आलं पाहिजे. दोन्हीकडच्या जाणकारांनी बरोबर बसून, आधी नमुने तपासून, मग कुठे काय चालेल ते ठरवलं.

सांध्यांच्या तपासणीला अशी उपकरणं लागत नाहीत. सपाट जमीन, बॅटरी आणि कान पुरतात. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून पाठीला हलकेच रेटा दिला की कुठलं कुसू सैल आहे ते आवाजावरून कळतं. बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं तर वरचं पातळ लाकूड जिथे सुटलेलं असतं तिथे आवाज पोकळ येतो. बॅटरी पृष्ठभागाला जवळपास टेकवून आडवी धरली की वरून न दिसणारे उंचवटे, रंध्याचे पट्टे, जुन्या ठिगळांच्या कडा सावलीसह उभ्या राहतात. सांध्यात पिवळट-तपकिरी, काचेसारखा तडकणारा सरस दिसला तर काम सोपं. तो कोमट पाण्याने मऊ होतो आणि सांधा न मोडता उकलता येतो. तिथे नंतरचा पांढरा गोंद भरलेला असेल तर तो लाकडाच्या छिद्रांत बसलेला असतो आणि वर नवा सरस धरत नाही. कोणता गोंद आहे, ही नोंद पुढच्या कामाचे दिवस ठरवते.

खिळे-स्क्रूही साक्ष देतात. हाताने घडवलेल्या जुन्या स्क्रूचं टोक बोथट असतं आणि डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. टोकदार यंत्रस्क्रू सर्रास झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि चौफुलीची खाच आली १९३० च्या दशकात. पाठीच्या फळीवर सरळ, वेड्यावाकड्या अंतराचे करवतीचे माग असतील तर ती हातकरवतीने चिरलेली. कमानीसारखे वळलेले माग चक्राकार करवतीचे. गोल टेबलाचा व्यास दोन दिशांनी मोजावा. खरंच जुनं असेल तर रेषांच्या आडवा व्यास बहुधा थोडा कमी भरतो, कारण लाकूड त्याच दिशेला आक्रसलेलं असतं. खणाच्या तळाशी चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद फाडून टाकण्याआधी त्यावरची तारीख वाचावी. कपाट त्या तारखेआधीचं आहे एवढं तरी त्यातून बहुधा कळतं.

एकाच वस्तूत अनेक पदार्थ आले की गुंता वाढतो. गोव्यात सतराव्या शतकात बनलेल्या, युरोपात ‘कोंतादोर’ म्हणून गेलेल्या अनेक खणांच्या कपाटांत सागावर काळं आबनूस आणि हस्तिदंत जडवलेलं असतं, कोपऱ्यांना मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे असतात. हवा बदलली की लाकूड आणि हस्तिदंत आपापल्या मापाने हलतात, धातू मात्र हलत नाही. तांब्याभोवती जमलेला हिरवा मेणचट थर सांगतो की मेण किंवा तेल चढवलं जात होतं. पितळी कड्यांभोवतीची पांढरी भुकटी बहुधा भांडी घासायच्या पॉलिशची असते. लोखंडी खिळ्याभोवतीचं काळं वर्तुळ लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संगतीतून आलेलं असतं. यातली काही नुकसानं चालूच असतात, कारण घरात दर सणाला तोच डबा पुन्हा उघडला जातो.

झीज मात्र बाजूला काढून पाहावी लागते. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चेसचं नूतनीकरण करताना भिंती खरवडून काढण्याची लाट आली, तेव्हा विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. लोक तिला ‘खरवडविरोधी’ म्हणू लागले. पुण्यात दिनकर केळकरांनी जमवलेल्या आणि १९६२ साली राज्य सरकारच्या हवाली केलेल्या संग्रहात अडकित्ते, दिवे, फण्या, पेटारे, दारं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. अडकित्त्याच्या मुठीवरची झळाळी किंवा उंबऱ्याची खचलेली कड तिथे दोष म्हणून गणली जात नाही. पाहणीच्या कागदावरही झिजेला ‘नुकसान’ या रकान्यात घालण्याआधी थांबावं. आरामखुर्चीच्या हातांवरचा काळसर गुळगुळीतपणा हा मळ आहे की वापराचा इतिहास, याचं उत्तर खुर्ची कुठे जाणार यावरही अवलंबून असतं. रोज बसायची असेल तर वेत नवा विणावा लागेल; संग्रहात ठेवायची असेल तर फाटलेला वेतही पुरावा आहे.

लिहिताना मराठी फार मदतीला येते. ‘क्रॅक’ या एका शब्दात जे कोंबलं जातं त्यासाठी इथे चार शब्द तयार आहेत. दोन भाग एकमेकांपासून सुटले तर फट. वाळल्याने आपोआप उघडली ती भेग. रेषेच्या अंगाने फाकली ती चीर. आघाताने किंवा ठिसूळपणाने गेला तो तडा. तसंच कोपरा उडाला तर टवका, धातूचा पत्रा आत दबला तर पोचा, रंगाचा थर सुटून उचलला गेला तर पोपडा, नुसती रेघ उमटली तर ओरखडा. हे शब्द पुढे याच अर्थांनी वापरले आहेत, कारण नोंद करणारा आणि दुरुस्ती करणारा सुतार यांच्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले की चुकीच्या ठिकाणी गोंद भरला जातो.

कायद्याची एक बाजू सुरुवातीलाच सांगून ठेवलेली बरी. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. इमारतीतून सुटा केलेला भागही या व्याख्येत येतो. पाडलेल्या वाड्यांचे खांब आणि कोरीव दरवाजे हल्ली काच ठेवून टेबलं होऊन बसतात, त्यांची पाहणी करताना दोन वयं वेगळी लिहावी लागतात: दाराचं एक, टेबलाचं दुसरं. हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो, मग वस्तू आजोळहून आलेली का असेना.

पुढची प्रकरणं याच क्रमाने जातात: जागा, लाकूड, कीड, सांधे, लेप, धातू आणि इतर जडाव, जुन्या दुरुस्त्या, आणि शेवटी या सगळ्यांवरून उपायाचा अग्रक्रम. घरमालकाने स्वतः करायच्या गोष्टी आणि जाणकारावर सोपवायच्या गोष्टी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या काढल्या आहेत. बघणं, मोजणं, फोटो काढणं, काळा कागद पसरणं हे घरच्यांचं काम. द्रावणाची चाचणी, हस्तिदंत, रंगकाम आणि मुलामा ही तज्ज्ञाची कामं.

शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे. नमुना म्हणून त्याची पहिली ओळ भरलेली आहे: शिसवी कपाट, डावी बाजू, उभी चीर, लांबी ४१ सेंटिमीटर, सर्वांत रुंद जागी ३ मिलिमीटर, १२ एप्रिल. शेजारचा ऑगस्टचा रकाना रिकामा सोडला आहे. तिथला आकडा लिहून होईपर्यंत लांबीचा डबा उघडायचा नाही.